गाय नसलेल्या माणसाची घंटा

एकदा एक व्यापारी बंदरावरून घाट चढून ओताऱ्यांच्या वस्तीत आला. चाळीस घरांची ती वस्ती. कासे वितळवून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ओतणे हा तिचा पिढीजात उद्योग. त्या पठारावर वर्षातले चार महिने दाट धुके असे, आणि धुक्यात गाय दिसत नाही, ऐकू येते. म्हणून प्रत्येक गवळ्याच्या घंटेचा नाद वेगळा ठेवण्याची रीत होती. घंटा ओतून झाली की गवळी भट्टीपाशी येऊन बसे. ओतारी कानशीने घंटेची कड घाशी, वाजवून दाखवी, आणि गवळी "न्हाई, आजून" म्हणत राही. भांडण होई, तंबाखू होई, पुन्हा घासणे सुरू होई. एका घंटेत अर्धा दिवस जाई आणि मिळकत मात्र बेताचीच.

व्यापाऱ्याने पिशवीतून एक लहानशी घंटा काढली. "समुद्रापलीकडे लोक ही हौसेने दाराला टांगतात. हुबेहूब अशीच हवी, नादही हाच. तुम्ही कराल तेवढ्या घेईन."

त्या वस्तीतला एक ओतारी टेकडीवर राहणाऱ्या एका वृद्ध ज्ञानी पुरुषाचा शिष्य होता. सायंकाळी तो त्यांच्याकडे गेला. "बाबा, हे काम घेऊ का? मन कचरतंय. पण घर गळतंय, आणि पोरीचं औषध थांबलंय."

"मग विचारतोस काय? घे," वृद्ध म्हणाले. "मात्र दर अमावास्येला माझ्यासाठी एक घंटा ओतायची, जुन्या रीतीने. मी समोर बसेन. मी 'हीच' म्हणेपर्यंत घासायची."

"पण बाबा, तुमच्याकडे गाय कुठे आहे?"

"गाय नाही. घंटा हवी आहे."

गुरूची आज्ञा, म्हणून शिष्याने मान डोलावली.

काम सुरू झाले. व्यापारी लबाड नव्हता, हे इथे सांगितलेच पाहिजे. ठरल्या दिवशी माल उचलला जाई, ठरलेले मोल हाती पडे. वस्तीत कौले आली. शिष्याची मुलगी अंथरुणातून उठून अंगणात खेळू लागली. हे सगळे वाईट होते असे जो म्हणेल, त्याने एक पावसाळा गळक्या छपराखाली काढून पाहावा. ज्या जहाजांतून घंटा जात, त्यांतूनच परतीला परदेशी पत्र्याच्या स्वस्त घंटा येत. गवळी त्या घेऊ लागले. अर्धा दिवस घालवण्यापेक्षा बाजारातून तयार घंटा आणणे कोणालाही सोयीचेच. ओताऱ्यांनाही आता त्यांच्यासाठी वेळ नव्हता.

अमावास्येला मात्र वृद्ध काठी टेकत येत आणि भट्टीसमोर बसत. शिष्य घासून घासून दमे. "नाही. अजून." शेवटी केव्हातरी "हीच" म्हणून घंटा घेऊन जात. पुढच्या अमावास्येला तीच घंटा त्याच्यापुढे ठेवून म्हणत, "ही वितळव. आज वेगळ्या नादाची कर."

अशी तीन वर्षे गेली. शिष्याची बायको करवादली, "म्हाताऱ्याला गाय ना गोठा! तेवढ्या वेळात शंभर घंटा ओतून होतात. एकदा सांगून टाका की त्यांना." शिष्यालाही राग येतच होता. एका अमावास्येला त्याने व्यापाऱ्याच्या ढिगातली एक घंटा उचलून पुढे केली. वृद्धांनी ती वाजवलीसुद्धा नाही. बाजूला ठेवली आणि तसेच बसून राहिले. शिष्याला लाज वाटली. त्याने मुकाट्याने भट्टी फुंकायला घेतली.

चौथ्या वर्षी बंदरावरून दोन ओळींचे पत्र आले. पलीकडच्या लोकांची दाराला घंटा टांगण्याची हौस सरली होती. व्यापाऱ्यालाही वाईट वाटले, त्याची शेवटची खेप पडूनच राहिली होती. पण चाळीस भट्ट्या एका दिवसात विझल्या.

त्याच हंगामात धुक्यात एक गवळी दुसऱ्याच्याच घंटेमागून चालत गेला आणि तिकडे त्याच्या स्वतःच्या दोन गाई कड्यावरून कोसळल्या. तो वस्तीत येऊन रडू लागला. "आवो, समद्या येकसारख्याच वाजत्यात. माझी कंची न् दुसऱ्याची कंची, वळखायचं कसं? पयल्यासारखी घंटा करून द्या."

ओताऱ्यांना उमेद आली. सगळे कानस घेऊन बसले. पण ज्याने त्याने घासावे, आणि घंटेतून नाद निघावा तो त्या दाराच्या घंटेचाच. ज्याच्या हातून आयुष्यात हजारभर घंटा झाल्या होत्या असा एक म्हातारा ओतारी कानस टाकून म्हणाला, "ऐकू येतंय रे, पण हातच तिथं जात न्हाई." एकट्या शिष्याची घंटा दुपारपर्यंत झाली. गवळी डोळे मिटून ऐकत होता. तो म्हणाला, "हीच."

शिष्य धावत टेकडीवर गेला आणि त्याने पाय धरले. "बाबा, तुम्ही माझे हात राखलेत. पण एवढं सांगा, तुम्ही कोणता नाद शोधत होतात?"

वृद्ध हसले. "कसला नाद? मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तूच नाराज दिसलास की 'अजून' म्हणायचो. तुझं तोंड उजळलं की 'हीच'."

शिष्य पाय सोडून त्यांच्यासमोर बसला.

"दूरचं गिऱ्हाईक वाईट नसतं," वृद्ध म्हणाले. "त्याच्या पैशाने तुझी लेक उभी राहिली, हे विसरू नकोस. पण ते तुझ्यासमोर बसू शकत नाही. तिथून त्याला फक्त हवं किंवा नको एवढंच म्हणता येतं. 'अजून थोडं' म्हणायला माणूस समोर लागतो, आणि कारागिराचा हात त्या 'अजून थोडं'वर जगतो. तुझ्यासमोर तसं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी येऊन बसलो."

"मग केलेली घंटा वितळवायला का लावत होतात?"

"ती राहिली असती, तर पुढची तू तिच्यावरून केली असतीस. माझ्या घंटेचाही नमुनाच झाला असता."

शिष्याने खाली वस्तीकडे पाहिले. मग म्हणाला, "बाबा, बाकीच्या एकोणचाळीस घरांसमोर कोणी का नाही बसलं?"

वृद्धांचे हसू मावळले. "मी एकटा किती घरी बसणार, असं तेव्हा मला वाटलं. तुलाच शेजाऱ्यासमोर जाऊन बसायला सांगावं, हे सुचलं नाही. ती चूक माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य शेजाऱ्याच्या भट्टीसमोर जाऊन बसला. पुढे वर्षभर तो घरोघर बसत राहिला. काही जणांनी त्याला हाकलूनही दिले. अकरा भट्ट्या पुन्हा पेटल्या. बाकीची माणसे तोवर बंदरावर हमालीला गेली होती. त्यांतल्या काहींचे बरे चालले, काही परत आलेच नाहीत. आणि तोच व्यापारी नवा नमुना घेऊन घाट चढून आला, तेव्हा अकराही घरांनी त्याला बसायला पाट दिला, काम घेतले, आणि अमावास्येचा दिवस गवळ्यांचा, हे त्याला आधीच सांगून टाकले.

आज आपल्यातले बहुतेक जण ज्यांना कधी पाहणारही नाहीत अशा माणसांसाठी राबतात. तेव्हा समोर बसून नाक मुरडणारे एखादे माणूस लाभले, तर त्याला हाकलू नये.