होळीचा मानाचा नारळ

एका गावात आळ्या दोन होत्या आणि मानाचा नारळ एकच. ज्या आळीची होळी उंच, तिला पाटील तो नारळ देत. या चढाओढीत रानातली झाडं संपली. उरला पाणवठ्यावरचा एक आंबा. यंदा तोही तोडायचा, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं.

पाटलांच्या लेकीला राहवेना. ती थेट चावडीवर गेली.

"आबा, झाडं कुऱ्हाड पाडत नाही, तुमचा नारळ पाडतो. तो उंचीला देऊ नका. ज्या होळीत एकही तोडलेलं लाकूड नाही, अशी सगळ्यात कल्पक होळी जिंकू दे."

म्हातारे हसले. चालत आलेली रीत मोडू नये, असं त्यांनी तिला ऐकवलं.

"रीत सुरू झाली तेव्हा रान होतं," ती म्हणाली. "आंब्यानंतर काय, घराचे वासे जाळणार?"

पाटील चिडले, पण पैजेला तयार झाले. दवंडी पिटू, ते म्हणाले, पण गाव रंगलं नाही, तर आंबा पडेल आणि पहिला घाव तुझ्या हातचा. तिने मान डोलावली.

दवंडी फिरली आणि गावात एकच धांदल उडाली. खालच्या आळीने गायरानात गवत दडपून माजलेली घाणेरी उपटून सोंड उचललेला हत्ती उभा केला. कान फाटक्या सुपांचे, शेपूट झिजलेल्या केरसुणीचं. वरच्या आळीने, म्हणजे पाटलांच्याच आळीने, उसाच्या पाचटाचा मोर केला. बघायला सारं गाव लोटलं.

मोर हत्तीपेक्षा देखणा होता. पाटलांनी नारळ पुढे केला, इतक्यात लेकीला पाचटाआड आंब्याची ताजी तोडलेली जाड फांदी दिसली. वरच्या आळीच्या म्हाताऱ्यांचा उंचीचा मोह सुटला नव्हता. गप्प बसावं, तर आपली आळी जिंकते. पण आज हे खपलं, तर पुढच्या होळीला अख्खा आंबा जाणारच.

"आबा, आपली आळी बाद."

तिने बोट दाखवलं तिथे पाटलांनी पाचटात हात घातला. ओली साल बोटांना लागली. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. पाटील वळले आणि त्यांनी नारळ खालच्या आळीच्या हातात ठेवला. ढोल असे कडाडले, की कुणाला कुणाचं ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वरच्या आळीचे म्हातारे गायरानात घाणेरी उपटत होते. पुढच्या वर्षीचा नारळ आमचा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होते. त्या पावसाळ्यात गुरांना तिथे पोटभर चारा मिळाला.

तात्पर्य: गाव ज्याला मान देतं, त्याच्याच मागे धावतं, म्हणून मान कशाला द्यायचा, ते आधी बदला.