पळसाच्या काडीचा टाका

पळसाच्या बनाला पाठ लावून बसलेलं एक चिमुकलं गाव होतं. तिथे बकुळा आणि तिची आई राहायच्या. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि बकुळा बनातून पानं आणायची. घरात धान्य मूठभर, पानं मात्र ढीगभर. पण गरिबीचं बकुळाला एवढं वाटत नसे. तिला भीती होती बोलण्याची. शब्द तिच्या ओठांशी येऊन अडायचे, आणि सगळ्यात जास्त अडायचं तिचं स्वतःचंच नाव.

शेजारची हेमांगी तिची हुबेहूब नक्कल करी. "ब-ब-बकुळा आली गं," असं ती म्हणाली की मुलींची हसून मुरकुंडी वळे. त्यातल्या दोघीतिघींना खरं तर हसू येत नसे, पण त्याही हसत.

हळूहळू बकुळाने बोलणंच टाकलं. काल आईने गूळ आणायला धाडलं, तर दुकानात मागे हेमांगी उभी. बकुळा रिकामी पिशवी घेऊन परतली आणि तिने "दुकान बंद होतं," असं आईला कसंबसं खोटंच सांगितलं. ते खोटं तिला रात्रभर टोचत राहिलं.

आज संध्याकाळी तर भोंडला तिच्याच घरी. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून झाला की मुली झाकलेली खिरापत ओळखणार, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं घरच्या मुलीने द्यायची. पानं तोडता तोडता बकुळाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात एका कोवळ्या पानामागे काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची परी होती ती. पंख जांभळे, त्यांना सोनेरी काठ, पण एक पंख काट्याने टर्रकन फाटलेला. बकुळाने काही न विचारता बारीकशी काडी घेतली आणि पत्रावळ टाचतात तसा हलक्या हाताने पंख टाचून दिला.

"तुझं नाव काय गं, बाळ?" परीने विचारलं.

"ब... ब..." बकुळा थांबली. परीने तिचा शब्द पुरा केला नाही, नजरही वळवली नाही. पानावरचं दव सुकेपर्यंत ती नुसती वाट पाहत बसली.

"...बकुळा."

"छान नाव आहे. एक इच्छा माग, बकुळा. पण नियम दोन. इच्छा तुझ्याच तोंडून पुरी निघायला हवी. आणि दुसऱ्यांसाठी जे मागशील, त्यातलं अर्धं तुझ्या वाट्याला येईल."

"हे... हेमांगीची जी... जीभ..." बकुळा बोलू लागली आणि तिला दुकानातली ती रिकामी पिशवी आठवली. ते दुःख तिला पुरतं ठाऊक होतं. वैऱ्यालाही देऊ नये असं होतं ते.

"नको," ती म्हणाली. मग सावकाश, अडखळत, पण स्वतःच्या तोंडाने तिने सांगितलं, "समोरचं माणूस बो... बोलत असेल, तर सगळ्यांना थां... थांबता यावं."

परी हसली आणि पानांत दिसेनाशी झाली.

संध्याकाळी गाणी झाली, फेर झाला. "खिरापत गोड का?" मुलींनी विचारलं.

"ना... ना..."

हेमांगीने नक्कल करायला तोंड उघडलं, पण आज तिला थांबता आलं. सगळ्याच थांबल्या. एकीलाही हसू आलं नाही.

"...नाही. ति... तिखट."

लाह्या ओळखल्या गेल्या. द्रोण रिकामे करून मुली पांगल्या. हेमांगी तेवढी अंगणात घुटमळत राहिली.

"मी... मी तुला..." बोलायला फटकळ असलेल्या हेमांगीलाच आज शब्द सापडेना. तेव्हा बकुळाला नियमाचा अर्थ कळला. अर्धं थांबणं तिच्या वाट्याचं होतं. ती थांबली.

"घरी माझं कुणी ऐकत नाही," हेमांगी शेवटी म्हणाली. "तुझी नक्कल केली की सगळ्या माझ्याकडे बघतात. चुकलं माझं."

बकुळा "असू दे" म्हणाली नाही. "मला खू... खूप लागलं," ती म्हणाली. हेमांगीने मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच विचारलं, "उद्या पानं आणायला मी येऊ?"

"ये."

छपरावर जांभळा-सोनेरी उजेड झाला. त्यात काडीने टाचलेला एक पंख क्षणभर चमकला, आणि उजेड आभाळात विरून गेला.

दुसऱ्या दिवशी बकुळा एकटीच दुकानात गेली.

"गू... गू..."

दुकानदार तराजू धरून थांबला. मागची रांगही थांबली.

"गूळ द्या," बकुळा म्हणाली. घरी येऊन तिने परवाचं खरं काय ते आईला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. हातातलं पान खाली ठेवून आईने ते सगळं ऐकलं.