बेकफासचा दगड

कोंभळवाडीच्या वर पठारावर चढलं की वाटेकडेला एक बसका काळा दगड लागतो. वाडीत त्याला बेकफासचा दगड म्हणतात. शहरातले पाहुणे नाव ऐकून हसतात. वाडीतले म्हातारे बुधाजीबाबा त्यांना हसू देतात आणि हसून झालं की सांगायला बसतात.

फार मागे इथे मोजणीचा एक साहेब तंबू ठोकून राहिला होता, म्हणे. त्याला मोजायचे होते डोंगर. डोंगर मोजून कुणाचं भलं झालं, हे बाबांना अजून कळलेलं नाही. समोरच्या सुळक्यावर निशाण लावायला वाडीतला चिंधू गेला. निशाण काही दिसलं नाही आणि चिंधूही परतला नाही. त्याची बायको ठमी या दगडावर येऊन बसली. धनी उतरेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं ती डोंगराच्या देवाला बोलून बसली होती. तिला सातवा महिना होता.

साहेबाचा खानसामा बस्त्याव गोव्याकडचा. दोन दिवस त्याने तिच्यापुढे खाणं ठेवलं, तिने ते बाजूला सारलं. उपाशी बाई समोर दिसत असताना त्याच्याही घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या सकाळी साहेबासाठी अंडी फोडताना त्याचा हात थांबला. वीस वर्षं तो रोज 'ब्रेकफास्ट तयार' म्हणत आला होता. त्या शब्दाच्या पोटात काय आहे, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

भाकरी घेऊन तो ठमीजवळ गेला.

"बाय, साहेबाच्या बोलीत सकाळच्या खाण्याला उपास सोडणं म्हणतात. रात्रीचा उपास देव सगळ्यांकडून करून घेतो. उजाडलं की तो पुरा झाला. हा सोडल्याशिवाय दुसरा कसा धरशील?"

ठमीने एकदा सुळक्याकडे पाहिलं, मग भाकरीकडे.

"आन् उद्या?"

"उद्याचा उद्या सोडू. मी आहे ना."

तिने भाकरी मोडली आणि आधी अर्धी त्याच्यापुढे धरली. त्याने काही खाल्लं नाही, हे तिने दोन्ही दिवस पाहिलं होतं. बस्त्यावला रडू आवरलं नाही, असं सांगतात.

चिंधू कधीच आला नाही. तंबू हलले, पण पोर जन्माला येईपर्यंत बस्त्याव नोकरी सोडून वाडीतच राहिला. ठमी पुढे म्हातारी झाली. शेवटपर्यंत ती रोज उपास धरी आणि रोज सकाळी सोडी.

आजही वाडीत सकाळचा घास कुणी एकट्याने खात नाही. घरात दुसरं माणूस नसेल, तर भाकरी घेऊन या दगडापाशी येऊन बसतात आणि वाटेने येईल त्याला अर्धी देतात. पोट भरलंय म्हणून सांगण्यात अर्थ नसतो.

"रातभर उपाशीच व्हता ना," म्हणतात, आणि घास हातावर ठेवतात.