काकूचं ऊन आणि बाळकूचा बांबू

एका गावात बाळकू नावाचा एक भोळा गडी होता. त्याचा वरचा मजला रिकामा आहे, असं सगळं गाव म्हणायचं. म्हणूनच की काय, गावाने त्याला दुसऱ्यांचे मजले मोजायला नेमलं.

झालं होतं असं. अंजनाकाकूच्या बैठ्या कौलारू घराला लागून पोपटशेठनी इमारत काढली. काकू अंगणात कुरडया वाळवायची आणि त्या विकूनच तिची चूल पेटायची. इमारत उंच गेली की ऊन गेलं, ऊन गेलं की कुरडया गेल्या. म्हणून ग्रामसभेने ठराव केला, नवी इमारत शेजारच्या घरापेक्षा उंच नको. ठराव झाला, टाळ्या झाल्या, शेठच्या खर्चाने चहाही झाला.

सरपंच तात्यांनी काकूच्या आढ्याएवढा बांबू तोडून बाळकूच्या हाती दिला. "ह्या बांबूपेक्षा उंच काय दिसलं, की काम थांबवायचं."

बाळकू गेला. त्याने बांबू जमिनीवर आडवा ठेवला. गवंड्याचं घमेलं बांबूपेक्षा उंच निघालं. थांबवलं. गवंडी उकिडवा बसून तंबाखू मळत होता. तोही उंच निघाला. त्यालाही थांबवलं.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "आरं, बांबू आडवा न्हाई, उभा धरायचा. पायाखाली टेकवून."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. खालच्या भिंती उठल्या. बाळकूने पायाखाली बांबू टेकवला. भिंती ठेंगण्या. बरोबर. वर स्लॅब पडला, त्याच्यावर भिंती उठल्या. बाळकू वर चढला, पायाखाली बांबू टेकवला. भिंती ठेंगण्या. बरोबर. असे चार मजले तो चढला आणि चारही नियमात बसले.

"तुमच्यासारखा चोख माणूस बघितला न्हाई, बाळकूराव," शेठ म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याला राव म्हटलं होतं. बाळकूची छाती फुगली.

इकडे काकूच्या अंगणात दिवसभर सावली. ती रडवेली होऊन तात्यांकडे आली. "कुरडयांना बुरशी धरली, तात्या. आता मी इकू काय?"

तात्यांनी बाळकूला फैलावर घेतलं. "तुला वर चढायला कुणी सांगितलं? काकूच्या अंगणात बांबू उभा कर. त्याच्यावर जे डोकं काढंल, ते छाट."

बाळकूने अंगणात बांबू उभा केला. काकूचा शेवगा बांबूच्या वर हातभर डोकं काढून उभा होता. छाटला. त्याने इमारतीकडेही नीट पाहिलं. पण तिला डोकं नव्हतं, टाकी होती.

"कुरडया गेल्या, आता शेंगाबी गेल्या," म्हणत काकू ओट्यावर बसून रडली. बाळकूलाही वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

"झाड न्हवं, घर!" तात्या ओरडले. "काकूला ऊन मिळत न्हाई, दिसत न्हाई तुला? जे घर तिचं ऊन अडवतंय, त्याचं छप्पर उतरव." सोबत जाऊन दाखवणारही होते, पण त्या दिवशी शेठकडे त्यांचं जेवण होतं.

बाळकू भर दुपारी काकूकडे गेला. काकू आत चुलीपुढे बसली होती. तिच्या अंगावर ऊन नव्हतं. बाळकूने मान वर करून पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो वर चढला. एकेक कौल त्याने हलक्या हाताने उतरवलं, एकही फुटू दिलं नाही. काकू खालून ओरडत होती. बाळकूला वाटलं, आनंदाने.

हात पुसत तात्या आले, तेव्हा काकू चुलीपुढेच बसलेली होती आणि तिच्या डोक्यावर रणरणतं ऊन होतं.

"तात्या," बाळकू वाशावरून म्हणाला, "आपण उगंच शेठच्या मागं लागलो होतो. काकूचं ऊन तर तिचंच घर अडवून बसलं होतं."