पूजेचा दोरा आणि कोरं तिकीट

एकदा एक तरणाताठा माणूस यंत्राला हार घालून त्याच्यापुढं हात जोडून बसला, आणि एका आईची संध्याकाळ त्यानं मातीत घातली. वाचून राग आला नाही, तर पुन्हा वाचा.

एका तालुक्याच्या गावी नाट्यगृह होतं. तिथल्या तिकीटखिडकीवर एका वृद्धानं जन्म काढला. सगळे त्याला मामा म्हणत. हात थरथरायला लागले तशी त्यानं खिडकी आपल्या शिष्याच्या हवाली केली आणि प्रयोगाला मागच्या रांगेत येऊन बसू लागला. शिष्य वाईट नव्हता. वेळेवर यायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. एकच खोड होती. जे कळत नाही, त्याला तो नमस्कार करायचा.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. सुतार रंधा पुजतो, शिंपी मशीन पुजतो. ह्यानं तिकिटं छापायचं यंत्र पुजलं. पुजलं कसलं, न्हाऊ घातलं म्हणा. ओलं गंध, हळद, कुंकू, वरून मूठभर अक्षता, झेंडूचा जाडजूड हार. शिवाय झाकणाला लाल दोऱ्याचे वेढे आणि गच्च गाठ. "आता वर्षभर चिंता नाही," म्हणाला आणि श्रीखंड आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी स्पर्धेतलं नाटक होतं. स्पर्धेतलं म्हणजे एकच प्रयोग, पुन्हा नाही, आणि पडदा घड्याळाच्या ठोक्याला. रांगेत लांबच्या वाडीवरून एसटीनं आलेली एक बाई उभी होती. तिची लेक वैजू आज जन्मात पहिल्यांदा रंगमंचावर यायची होती. काम केवढं? पडदा उघडला की दिवा घेऊन यायचं, चार वाक्यं बोलायची आणि आत जायचं. बाई पुढच्याला सांगत होती, मागच्याला सांगत होती, "सुरुवातीलाच आहे हो तिचं. नंतर नाही."

खिडकी उघडली. पहिलं तिकीट बाहेर आलं. नाटकाचं नाव छापलेलं, तारीख छापलेली, आणि खुर्चीचा नंबर यायचा तिथं पांढरंफटक. दुसरं तसंच. तिसरं तसंच. शिष्यानं तीच तिकिटं लोकांच्या हातात कोंबली. दारावरच्या माणसानं सगळ्यांना परत पाठवलं.

"ह्याच्यावर नंबर कुठाय? कुणाच्या मांडीवर बसवू तुम्हाला?"

लोक उलटे फिरले आणि खिडकीवर एकच गिल्ला झाला. शिष्यानं यंत्र बंद केलं, चालू केलं. वायर उपसली, पुन्हा खुपसली. एक थप्पड लगावली आणि लगेच पाया पडून माफी मागितली. मग कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"झाकण उघडून बघितलंत का?" त्यानं विचारलं.

"नाही हो. दोरा बांधलाय."

"मग सोडा की."

"पूजेचा आहे साहेब. तोडत नाहीत."

पलीकडच्या माणसानं फोन ठेवून दिला.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. बाई गर्दीतून कशीबशी पुढं आली, गजांना धरून म्हणाली, "दादा, नंबर नको मला. कुठंतरी कोपऱ्यात उभी राहते. तेवढं सोडा."

"मावशी, नियम आहे. थांबा जरा, होईल सुरू," असं म्हणून ह्या गाढवानं काय करावं? उदबत्ती पेटवली! खिशाला पेन होतं. समोर खुर्च्यांचा नकाशा भिंतीला चिकटवलेला होता. नंबर लिहून द्यायचा आणि माणसं आत सोडायची, एवढंच काम. पण नाही. हा डोळे मिटून यंत्रापुढं उभा.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडायची शिट्टी ऐकू आली.

गलका ऐकून मामा आतून उठून आला. त्यानं एकदा खिडकीकडं बघितलं आणि काही न विचारता शिष्याच्या खिशातलं पेन उपसलं. थरथरत्या हातानं एकेका तिकिटावर नंबर लिहिला, खाली सही ठोकली आणि दारावर ओरडला, "सोड रे सगळ्यांना. माझ्या नावावर सोड." रेटारेटीत बाई शेवटी राहिली होती. ती पळत आत गेली तेव्हा आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

खिडकीत दोघंच उरले. शिष्य म्हणाला, "मामा, बरं झालं आलात. यंत्राला काहीतरी बाधा झालीय."

मामानं खिडकीची फळी खाली ओढली. यंत्रावरचा हार काढला आणि शिष्याच्या गळ्यात घातला. पूजेच्या ताटलीतलं कुंकू बोटावर घेऊन त्याच्या कपाळावर फासलं. डोक्यावर अक्षता टाकल्या. उदबत्ती उचलून त्याच्या नाकासमोर तीनदा ओवाळली आणि हात जोडून उभा राहिला.

"मामा, हे काय?"

"छाप."

"काय छापू?"

"तिकीट. छाप की! हार घातला, कुंकू लावलं, ओवाळलं. अजून काय पाहिजे तुला? नारळ फोडू?"

"मामा, असं कुठं होतं का?"

"नाही होत?" मामाचा आवाज चढला. "मग मघापासून त्या डबड्याकडून काय मागत होतास? ते तुझ्यापेक्षा शहाणं आहे होय? अरे शहाण्या, सुतार रंधा पुजतो तेव्हा आधी त्याचं पातं काढतो, दगडावर घासतो, तेलाचं बोट फिरवतो. तिथंच पूजा झाली. फूल मागाहून. तू नुसतं फूल वाहिलंस आणि वर झाकण बांधून टाकलंस, म्हणजे आत बघायची पाळीच यायला नको. त्याला श्रद्धा म्हणतोस? मी आळस म्हणतो. आळसाला कुंकू लावलं म्हणून तो सोवळा होत नाही."

शिष्याची मान खाली गेली. मग त्यानं ब्लेड घेतलं आणि पूजेचा दोरा कापला. झाकण वर केलं. कागद पुढं ढकलणाऱ्या रुळाच्या एका कडेला, झाकणाच्या फटीतून आत पडलेला, हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता. त्या कडेला कागद टेकतच नव्हता, तर अक्षर उमटणार कुठून? नंबर नेमका तिथंच यायचा. आपण टाकलेली अक्षता शिष्यानं नखानं काढली. गंधाची खपली ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्यानं पुसली. बटण दाबलं. तिकीट बाहेर आलं, नंबरासकट. काळंभोर, ठसठशीत.

मामा म्हणाला, "हे आता कुणाला देणार आहेस?"

मध्यंतर झालं. बाई बाहेर आली. शिष्य हार गळ्यात तसाच घेऊन तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "मावशी, बघायला मिळालं का?" एवढंच त्याला सुचलं.

"टाळ्या ऐकल्या मी दारातनं," बाई म्हणाली. "तिला पडल्या का दुसऱ्या कुणाला, ते काही कळलं नाही."

इतक्यात बाजूच्या दारातून एक मुलगी धावत आली. तोंडाला रंग, अंगावर शाल गुंडाळलेली. "आई! बघितलंस? दिवा हलला का गं माझ्या हातात?"

बाईनं क्षणभर शिष्याकडं बघितलं. मग लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "अजिबात नाही हलला. ज्योत अशी सरळ होती."

शिष्यानं गळ्यातला हार काढला. कुठं ठेवावा ते त्याला कळेना. त्यानंतर तो दर खंडेनवमीला आधी झाकण उघडतो, रूळ पुसतो, एक तिकीट छापून बघतो. फूल वाहतो ते लांबून, खिडकीच्या चौकटीला.

आपल्या गावातल्या रुग्णवाहिकेला लिंबू-मिरची बांधलेली असते आणि चाकात हवा नसते. पुढच्या वेळी हार घेऊन जाल तेव्हा पंपही घेऊन जा.