राखेची जागा

दोन उंच डोंगरांच्या बेचक्यात रंगाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी मोठमोठ्या कढया, कढयांत उकळणारा रंग आणि खाली दिवसभर जळणारं लाकूड. डोंगर इतके जवळ की धुराला वर चढायला वाटच मिळत नसे. तो गावावरच पडून राही. त्या गावात बायकांचे डोळे चाळिशीत जात. नवी सून घरात आली की सासू तिला आधी घरातल्या वाटा पाठ करायला लावी. चुलीपासून उंबरा किती पावलं, उंबऱ्यापासून विहीर किती. पुढे लागतील म्हणून.

अशाच एका डोळे गेलेल्या बाईची लेक लांबच्या देशी शिकायला गेली होती. बारा वर्षांनी ती परत आली, तेव्हा आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "इतकं शिकलीस, पण नाक बापाचंच राहिलं गं."

लेक हसली खरी. पण तेवढ्यात तिची नजर चुलीकडे गेली. भावाची मुलगी ठमी फुंकणी घेऊन बसली होती. सहा वर्षांची पोर, आणि डोळे लालबुंद. लेकीनं तिथल्या तिथे मनाशी धरलं, हिचे डोळे मी जाऊ देणार नाही.

ती रिकाम्या हातानं आली नव्हती. लांबच्या देशात एक जड दगड मिळे. त्याचा एक कण फुटला की शेजारचे दोन फुटत, दोनांचे चार, चारांचे आठ. त्यातून अशी ऊब निघे की तिला लाकूड नको, आणि धुराचं नाव नाही. दगड पाण्याच्या कुंडात ठेवायचे आणि मध्ये काळ्या कांबी सोडायच्या. कांबी वर घेतल्या की फुटणं सुरू, खाली सोडल्या की बंद. एका पेटीतल्या दगडांवर अख्खं गाव वीस वर्षं चाललं असतं. ती पेटी तिनं बरोबर आणली होती.

गावाची बैठक बसली. त्या गावात एक रीत होती. नव्या कामाविषयी तीनदा विचारायचं. पहिलं उत्तर तोंडातून येतं, दुसरं डोक्यातून, तिसरं पोटातून, असं जुनी माणसं म्हणत. तिसरं उत्तर मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

बैठकीत नुसता कल्ला झाला. एक म्हणाला, दगड फुटत फुटत शेवटी डोंगरही फोडतील. दुसऱ्याच्या आजोबांनी म्हणे अशी एक दरी पाहिली होती, की जिथे अशी दगडांची चूल वितळली आणि पुन्हा पाखरूसुद्धा उतरलं नाही. लाकडाचा व्यापारी डोळे पुसत म्हणाला की मला गावाच्या जिवाची काळजी वाटते. त्यावर मागून कुणीतरी, शेठ, धूर लागला का हो, असं विचारलं आणि सगळे हसले. तरुण पोरं भिणाऱ्यांना अडाणी म्हणत होती, म्हातारे पोरांना उंडगे म्हणत होते. लेक एकेकाला समजावत होती. कांबी दाखवत होती, कुंडाच्या भिंती किती जाड असतील ते हातानं मोजून सांगत होती. तिचा शब्दन् शब्द खरा होता.

मग एक म्हातारी कुंभारीण उठली. "पोरी, तुझ्या चुलीची राख पडते का?"

"इतकीशी, आजी. वर्षाला ओंजळभर."

कुंभारीण खाली बसली नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, "त्या राखेचं काय करायचं?"

ती राख नातवांच्या नातवांपर्यंत विझत नाही, उघडी हाताळली तर माणूस जातो, तिला खोल खडकात पुरावं लागतं, हे सगळं लेकीला ठाऊक होतं. पण समोरची निम्मी माणसं आधीच घाबरलेली होती. आत्ता हे बोलावं, तर ठमी पुन्हा फुंकणी हातात घेईल. ती म्हणाली, "त्याची काळजी माझ्यावर सोडा, आजी."

कुंभारणीनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तशी पोरं ओरडली, "म्हातारे, राखेनं तुला भांडी घासायची आहेत काय?" हशा पिकला. कुंभारीण लेकीकडे बघत राहिली. लेकीनं नुसता हात वर केला असता तरी हशा थांबला असता. तिनं मान खाली घातली. तिसरा प्रश्न विचारायचा राहिला, आणि काम ठरलं.

त्यानंतरची चार वर्षं गावानं सुखात काढली. कुंडाच्या कडेनं वाहणारं पाणी तापून दगडी पन्हळीतून घरोघर जाई. कढया वाफेवर उकळत. भाकरी मिळेनाशी झाली आणि वाफवलेल्या मुटक्यांवर भागवावं लागलं, म्हणून पुरुष कुरकुरले, पण तेवढंच. डोंगरावर रोपं वाढू लागली. घराघरातल्या चुली थंड पडल्या, कोंबड्या त्यांत अंडी घालू लागल्या. ठमीचे डोळे असे निवळले की ती दिवेलागणीलाही सुईत दोरा ओवी.

लेक राख घराच्या मागच्या दगडी हौदात, पाण्याखाली ठेवी आणि झाकणाच्या कुलपाची किल्ली कनवटीला लावी. खडकात खड्डा खणायचा होता. पण त्याला शंभर हात हवे होते, आणि शंभर हातांना खड्डा कशासाठी ते सांगावं लागलं असतं. यंदा नको, पुढच्या साली सांगू, असं करता करता चार पावसाळे गेले. तिनं ते आईलासुद्धा सांगितलं नाही. आईला तर लेकीच्या चुलीचा केवढा अभिमान.

मग ठमी शिकायला जायची ठरली. आत्यासारखी, लांबच्या देशी. गावातून लांब निघालेल्याच्या कपाळाला घरच्या चुलीची राख लावायची आणि चिमूटभर पदराला बांधून द्यायची, म्हणजे माणूस सुखरूप परत येतं, अशी तिथली चाल होती. पण आता राख आणायची कुठून? लेकीच्या आईनं शेजारीपाजारी विचारलं. चुलीत अंडी होती, राख नव्हती. मग तिला वाटलं, आपल्याकडे तर सगळ्या गावाची चूल आहे, तिची राख लेक मागच्या हौदात ठेवते.

निघण्याच्या सकाळी लेक अंघोळीला गेली. आईनं खुंटीवरच्या लुगड्याची कनवट चाचपली, किल्ली घेतली, भिंतीच्या आधारानं हौदापर्यंत गेली आणि पाण्यात हात घालून तळाची चिमूट काढली. ती कोमट लागली. चूल जिवंत आहे, असं वाटून तिला बरं वाटलं. तिनं ती नातीच्या कपाळाला लावली, उरलेली ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि किल्ली होती तिथे ठेवली.

लेक वेशीपर्यंत पोचवायला गेली. गाडीत बसलेल्या ठमीच्या कपाळावर ओढलेलं राखेचं बोट तिनं पाहिलं, आणि चाल पाळली गेली म्हणून तिला आनंदच झाला. गावात एकाही चुलीत राख उरलेली नाही, मग ही कुठली, असं तिच्या मनात आलंच नाही.

पाचव्या दिवशी गाडी परत आली. ठमीचं कपाळ भाजल्यासारखं झालं होतं, केस हातात येत होते. गाडीवानानं ओढणीची गाठ दाखवली आणि लेकीला सगळं कळलं. ठमी आठ दिवस होती. शेवटी शेवटी ती एकच विचारत होती, "आत्या, मी परत आले ना गं?"

पुन्हा बैठक बसली. एका बाजूनं ओरडा झाला, आम्ही म्हणत होतो, दगडात राक्षस आहे. दुसऱ्या बाजूनं, दगडाचा काय दोष, आंधळ्या म्हातारीच्या खुळ्या चालीनं पोर मेली. आई कोपऱ्यात बसली होती, फडक्यात गुंडाळलेला उजवा हात मांडीवर. त्या हाताची तीन बोटं पुढे गेलीच.

लेक उभी राहिली. "आईला बोलू नका. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

मग कुंभारीण उठली. तिनं चार वर्षांपूर्वी राहिलेला तिसरा प्रश्न विचारला. "राखेचं काय करायचं, पोरी?"

लेकीनं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"कशावरून?" कुंभारीण म्हणाली. "आम्ही भट्टी लावतो, तेव्हा आधी राखेची जागा धरतो, मग माती मळतो. तू सांगितलं असतंस, तर पहिल्या दिवशी खड्डा खणला असता आणि मग तुझी चूल पेटवली असती. तू आम्हाला विचारलंच नाहीस."



शंभर हातांनी महिनाभरात खड्डा खणला. राख खडकात गेली. कांबी मात्र गावानं कायमच्या खाली सोडायला लावल्या. चूल चांगली आहे, हे आता कितीही खरं असलं तरी ते तिच्या तोंडून कुणाला ऐकायचं नव्हतं. चुलींतली अंडी काढली, लाकूड रचलं. डोंगरावरची रोपं दोन वर्षांत संपली. धूर पुन्हा गावावर येऊन बसला.

आता लेकच आईच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसते. एक दिवस ती डोळे चोळते आहे, हे आईला आवाजावरून कळलं. आईनं राहिलेल्या दोन बोटांनी तिचं मनगट धरलं आणि तिला उभं केलं.

"डोळे मिट," आई म्हणाली. "चुलीपासून उंबरा सात पावलं. मोज."

तात्पर्य: लोक भितील म्हणून जो अर्धं सत्य सांगतो, तो उरलेलं अर्धं आपल्याच माणसांच्या कपाळी लावतो.