रिळाच्या टोकावरची बाई

“मग सोमवारपासून वर्ग मी घेऊ ना, बाई?”

रिकाम्या वर्गातल्या बाकावरून शाल्मलीने पुन्हा विचारलं. दमयंतीबाई प्रायोगिक सिनेमा शिकवायच्या. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि तो वर्ग आपल्यालाच मिळावा म्हणून त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या या पोरीचा जीव टांगणीला लागला होता. हुशार होती, खोटं कशाला बोला. पण आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

“काल दिलेलं रीळ पाहिलंस?”

“पाहिलं. एक रिकामी खोली, एक खुर्ची. बस. कॅमेरा कायम बाईला न्याहाळत आलाय, म्हणून दिग्दर्शिकेने चित्रातून बाईच काढून टाकली. यावर मी तासभर बोलू शकते.”

“बोलशील गं. रिळात आहे कोण?”

“कोणीच नाही.”

“अगदी टोकाला?”

“ते होय… तो फिल्म धुणाऱ्या लॅबवाल्यांचा तुकडा. रंगपट्ट्यांशेजारी बसवलेली कुणीतरी बाई. कातडीचा रंग नीट उतरलाय का ते बघायला जोडतात. प्रेक्षकांना कधी दाखवत नाहीत. मी कापून टाकला. रीळ स्वच्छ केलं.”

“नाव काय तिचं?”

“तिचं? … तिला कुठलं आलंय नाव, बाई?”

 दमयंतीबाईंनी उठून खिडक्यांचे पडदे ओढले आणि तेच रीळ प्रोजेक्टरवर लावलं.

भिंतीवर तीच खोली आली. तीच खुर्ची.

खुर्चीत एक बाई बसली होती. केस चापून बसवलेले, खांद्याशी रंगपट्ट्या. पापणी न हलवता ती शाल्मलीकडे बघत होती.

“हे… हे काल नव्हतं.”

“काल तिला रिळाच्या टोकाला तिची जागा होती.”

शाल्मली बाकावर मागे सरकली.

“बंद करा ना, बाई.”

“केव्हाच केलंय.”

खरंच, प्रोजेक्टरची चाकं थांबली होती. दिवाही विझला होता. भिंतीवरच्या बाईचे ओठ मात्र आता हलत होते. आवाज काही येत नव्हता.

शाल्मली फार घाबरली होती. तरी बाकावरून पुढे वाकली आणि भिंतीला हळूच म्हणाली, “माफ करा… तुमचं नाव काय?”

ओठ थांबले.

…

दमयंतीबाईंनी टेबलामागची आपली खुर्ची भिंतीच्या दिशेने सरकवली. भिंतीवरच्या बाईसाठी ती तशीच रिकामी सोडून त्या शाल्मलीच्या बाकाशी आल्या.

“सरक जरा. वर्ग सुरू झालाय.”